चाळिशीपुढची रेघ

माहेरी तिला थोरली म्हणत, सासरीही थोरलीच म्हणत, आणि इस्पितळात कामाला लागली तेव्हा अर्जावरचं नाव वाचायचे कष्ट न घेता तिथल्यांनीही तेच उचललं. पाच भावंडांत पहिली, दोन सुनांत पहिली, त्यामुळे नाव बसलं ते बसलंच. थोरलेपणाचा मान किती मिळाला ते विचारू नये. थोरलीच्या वाटणीचं काम मात्र कधी चुकलं नाही.

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक लांबट खोली होती. तिला सगळे हातांची खोली म्हणत. टेबलावर लाकडी खुंट्यांची पाटी, मळायची माती, कपड्यांचे चिमटे, चार कुलपं नि त्यांच्या किल्ल्या, आणि बटणं लावायचा सराव करायला एक जुना सदरा. ज्यांचे हात मोडले, चिरडले किंवा लुळे पडले, ती मोठीमोठी माणसं तिथं बसून लहान मुलासारखी खुंट्या खोचत. कोपऱ्यात शेगडीवर पाण्याचं पसरट भांडं असे. त्यात प्लास्टिकचा पत्रा सोडला की तो ओल्या कापडासारखा मऊ पडे. मग तो दुखऱ्या मनगटावर लपेटायचा आणि गार होईतो श्वास रोखून धरून ठेवायचा. त्याला स्प्लिंट म्हणतात. थोरली एकोणीस वर्षं हेच करत होती. कुठल्या मनगटाला किती बाक द्यायचा हे डोक्याआधी तिच्या बोटांना कळे.

पण ती होती मदतनीस. सही करायची ती बाई वेगळी. दर दोन-तीन वर्षांनी नवी मुलगी पदवी घेऊन यायची, आठवडाभर "मावशी, पाणी किती गरम?" विचारायची, आणि आठव्या दिवसापासून कागदावर सही ठोकायची. थोरलीला त्याचं वाईट वाटत नसे. मुली गोड असत. शिकून निघून जात, पाखरं उडावीत तशा.

मग त्या शिंप्याचं झालं. त्याच्या अंगठ्याला स्प्लिंट होतं आणि ते आतून रुतत होतं. थोरलीला दारातूनच दिसलं. पण सहीची बाई रजेवर, आणि कागदावर लिहिलेलं बदलायचा हक्क थोरलीला नाही. दोन दिवस शिंपी रुतलेला अंगठा घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी काढलं तर खाली जखम. तो म्हणाला, "ताई, तुम्हाला कळत होतं ना?" तेवढंच म्हणाला. थोरलीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

लेक पाळण्यात असताना तिनं घरी बसून बी.ए. केलं होतं. ते कागद ट्रंकेत अंथरुणाखाली होते. शिंप्याचं झालं त्या वर्षी तिनं शरीरशास्त्राच्या दोन परीक्षा दिल्या, कारण शहरापलीकडच्या कॉलेजात दोन वर्षांचा वरचा अभ्यासक्रम होता, आणि कुठलीही पदवी अधिक त्या दोन परीक्षा असल्या की अर्ज करता येई. त्या परीक्षांचे गुण तीनच वर्षं चालत. दोन वर्षं धीर गोळा करण्यात गेली. हे तिसरं. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत अर्ज गेला तर गेला, नाही तर पाणी जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली तापवायचं.

कॉलेजची पुस्तिका घरी आली तेव्हा सगळ्यांनी ती जमिनीवर पसरली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, व्यवसायोपचार.

थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं शब्द दोनदा वाचला. "व्यवसायावर उपचार? मग आधी माझ्या दुकानापासून सुरुवात कर. चार दिवसांत एक घड्याळ आलंय, तेही वेळ विचारायला."

"अहो, माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत म्हणून..."

"तेच म्हणतोय मी. माझं रोजचं काम परत कर."

सासूबाई पलीकडे पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण सावकाश, आणि वाचलेल्याचा अर्थ त्या स्वतःच्या मनानं लावत. त्या म्हणाल्या, "थट्टा पुरे. खर्च सांग."

खर्चाचा तक्ता सातव्या पानावर होता. थोरलीनं चाळिशी नाकावर चढवली आणि वाचलं. शिकवणीची फी एक लाख नव्वद हजार. प्रयोगशाळा, गणवेश आणि विमा तीस हजार. राहणं आणि जेवणखाण एक लाख साठ हजार. प्रवास चाळीस हजार. किरकोळ वीस हजार. एका वर्षाचा एकूण खर्च चार लाख चाळीस हजार. आणि अशी वर्षं दोन.

थोरलीच्या बँकेत होते दोन लाख चाळीस हजार, तेही एकोणीस वर्षांचे.

"जेवणाचे एक लाख साठ हजार?" सासूबाई म्हणाल्या. "तू तर घरी जेवणार."

"हो."

"मग आपल्या घरी आपण जेवायचं आणि पैसे कॉलेजला? भांडी त्यांची आहेत का गॅस त्यांचा आहे?"

"नियम असेल, आई."

"आणि किरकोळ म्हणजे काय? वीस हजाराला किरकोळ म्हणणारी माणसं कोण आहेत ती बघून ये एकदा."

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानातून आल्यावर हात धुताधुता म्हणाला, "लेथसाठी एक गिऱ्हाईक बघितलंय. शनिवारी येतो म्हणाला."

लेथ म्हणजे घड्याळाचे बारीक भाग कातायचं हातभर लांबीचं मशीन. त्याच्या वडिलांचं. दुकानात तो पंखा बंद करेल, दिवा बंद करेल, पण लेथवरचं कापड रोज बदलेल. थोरली म्हणाली, "ते विकून काम कशावर करणार?"

"काम आहे कुठं?" तो म्हणाला, आणि टॉवेल उगाच दोनदा झटकला.

हे झालं पैशाचं. पण खरा घोळ झाला तो नवव्या पानावर. तिथं आणखी एक तक्ता होता, मागच्या वर्षी कोण-कोण शिकायला होतं त्याचा. एकूण विद्यार्थी चाळीस. स्त्रिया पंच्याऐंशी टक्के, पुरुष पंधरा टक्के. नोकरी करून शिकणारे साडेबारा टक्के. मग वय. पंचविशीच्या आत सत्तर टक्के, पंचविशी ते तिशी साडेबावीस टक्के, तिशी ते चाळिशी साडेसात टक्के. आणि शेवटी लिहिलं होतं, चाळिशीपुढे. त्याच्यापुढे आकडा नव्हता. आडवी रेघ होती.

थोरलीचं वय चव्वेचाळीस. तिचं बोट त्या रेघेवर थांबलं ते उचलेचना.

सासूबाईंनी पुस्तिका ओढून घेतली. "स्त्रिया पंच्याऐंशी," त्यांनी वाचलं. "बघ. पंच्याऐंशीच्या बायका शिकायला येतात तिथं. तू तर त्यांच्यापुढे पोर."

"आई, ते वय नाही. टक्के आहेत."

"टक्के मला नको सांगूस. आणि पुरुष पंधरा. पोरगे पंधराव्या वर्षीच घेतात, बायका पंच्याऐंशीपर्यंत. चांगलं आहे, बायकांना उशीरच होतो." मग त्यांचं बोट खाली सरकलं. "चाळिशीपुढे रेघ." त्यांनी मान वर केली आणि सुनेच्या नाकाकडे बघितलं. "हं. म्हणजे वयाचं काही नाही. चाळिशी चालत नाही त्यांना."

"काय?"

"चष्मा गं. डोळे धड लागत असतील त्या कामाला. पंच्याऐंशीची बाई चालते, पण चाळिशी लावलेली चालत नाही. सरळ आहे."

लेक कोपऱ्यात बसून हसायला लागली. "आजी, चाळिशी म्हणजे वय चाळीस."

"मग चष्म्याला चाळिशी कशाला म्हणतात, तुझ्या आजोबांनी नाव ठेवलं?"

थोरलीही हसली. बी.ए. झालेली बाई, टक्के म्हणजे काय हे तिला कळत होतं. पण हसताहसता कुसळ आत राहिलं. एक तर प्रवेश मिळाल्यावर डॉक्टरचा दाखला द्यायचा होता आणि त्यात दृष्टीचा रकाना होता. दुसरं म्हणजे ती रेघ. हातांच्या खोलीत रेघ तिनं स्वतः हजारदा मारली होती. एखादा रुग्ण यायचा बंद झाला की वहीत त्याच्या नावापुढे रेघ, म्हणजे खातं बंद. आणि अर्जावरही छापलेलं होतं, लागू नसेल तिथं रेघ मारा. तेव्हा रेघेचा अर्थ एकच. तुम्हाला लागू नाही.

पण लागू काय नाही, वय की चष्मा, हे काही केल्या तिला ठरवता येईना. कपडे धुताना वाटे वय. बसमध्ये वाटे, सासूबाई म्हणतात त्यात तथ्य असेल. आणि गुरुवारी तिच्या मनानं एक भलताच तोडगा काढला. वय तर लपवता येत नाही. चष्मा तरी लपवता येतो.

शुक्रवारी ती चाळिशी पर्समध्ये तळाशी घालून निघाली. डबीत घालून, वर रुमाल, वर छत्री.

कॉलेजची कचेरी तळमजल्यावर होती. काचेची खिडकी, तिच्यात अर्धगोल भोक, आणि बाहेर दोरीनं बांधलेलं पेन. रांगेत सगळ्या पोरीसोरी. एकीनं थोरलीला विचारलं, "काकू, तुमच्या मुलीचा अर्ज का?" थोरली म्हणाली, "हो." मग तिला स्वतःचाच राग आला, पण तोंडातून गेलं ते गेलं.

अर्ज घरी भरायचा राहिला होता, कारण खर्चाची तरतूद कशी करणार हा रकाना कुणालाच भरता येत नव्हता. तिनं भिंतीला टेकून तो भरायला घेतला. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. हात लांब केला, अजून लांब केला, शेवटी हात संपला. चौकट दिसली की खूण करायची, ओळ दिसली की लिहायचं, असं करत तिनं चार पानं उरकली आणि पावणेचारला खिडकीशी उभी राहिली.

खिडकीतली बाई तिच्याच वयाची असेल, एखादं वर्ष इकडेतिकडे. तिच्याही नाकावर चाळिशी होती, दोरी लावून गळ्यात अडकवलेली. थोरलीनं ते बघितलं, पण घाबरलेल्या माणसाला समोरचंही दिसत नाही.

बाईनं अर्ज वाचला. मग वर बघितलं. मग परत वाचला.

"तुम्हाला वसतिगृह हवंय?"

"मला? नाही हो."

"खूण केलीय तुम्ही. मुलींचं वसतिगृह, तिघींची खोली. रात्री साडेनऊनंतर बाहेर जाणार नाही असंही लिहून दिलंय."

"घरी विचारावं लागेल," थोरली म्हणाली.

"आणि जन्मतारीख आजची घातलीय."

"आजची?"

"आज जन्मलात. म्हणजे पंचविशीच्या आत बसता." बाईचा चेहरा हलला नाही, पण मागच्या पोरी खुसखुसल्या. "चष्मा विसरलात का?"

"मला लागत नाही."

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. थोरलीनं छत्री काढली, रुमाल काढला, आणि फोनबरोबर चष्म्याची डबी वर आली, काउंटरवर आपटली आणि उघडली. काखेत कळसा म्हणतात तो असा सगळ्यांसमोर पडला.

बाईनं डबीकडे बघितलं. "हा कुणाचा?"

"सासूबाईंचा," थोरली म्हणाली.

फोनमधून नवऱ्याचा आवाज खिडकीपर्यंत पोचत होता. "अगं, तो लेथवाला आजच आलाय. पैसे काढून बसलाय समोर. देऊ का? तिकडं काही नक्की झालं का?"

"थांबा," थोरली म्हणाली. "जरा थांबा." आणि तिनं फोन बंद केला. एका अर्जापायी ती तीनदा खोटं बोलली होती, तिकडे सासऱ्यांचं मशीन विकलं जात होतं, आणि घड्याळात चारला बारा मिनिटं. ती म्हणाली, "चष्मा माझाच आहे. लावला नाही, कारण तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय ना. चाळिशीपुढे रेघ."

बाईला समजायला वेळ लागला. तिनं पुस्तिका उघडली, नववं पान काढलं, आपल्या डोळ्यांवरची चाळिशी काढून हातात धरली आणि त्या चष्म्याकडे बघत बसली. "म्हणजे माझी नोकरी पण गेली," ती म्हणाली. मग ती पहिल्यांदा हसली. "अहो बाई, हे वय आहे."

"तेही धरलं होतं मी. वय असलं तरी रेघच ना."

"रेघ म्हणजे कुणी नव्हतं. शून्य. तक्ता मीच करते. शून्य घातलं तर छपाईत वाईट दिसतं, म्हणून रेघ घालते."

"म्हणजे बंदी नाही?"

"बंदी असती तर बंदी लिहिलं असतं. कुणी आलंच नाही चाळिशीपुढचं."

"का नाही आलं?"

बाई थबकली. "ते मला माहीत नाही. कधी कुणी विचारलंच नाही."

"रेघेला कोण विचारणार?" थोरली म्हणाली.

बाईनं कोरा अर्ज आतून सरकवला. "चष्मा लावा आणि दहा मिनिटांत भरा. मी घड्याळ बघते."

थोरलीनं चाळिशी लावली. मुंग्या थांबल्या, अक्षरं झाली. पेन भराभर चाललं आणि खर्चाच्या रकान्याशी येऊन परत अडलं. "हे जेवणाचे एक लाख साठ हजार कधी भरायचे? एकदम की हप्त्यानं?"

"कुणाला भरायचे?"

"तुम्हाला."

"मला कशाला? तुमचं जेवण तुम्ही जेवा."

"पण तक्त्यात लिहिलंय."

"तो अंदाज आहे. परगावची मुलं येतात, त्यांना कळावं, वर्षभर राहायला-खायला-फिरायला किती लागेल. आमच्याकडे भरायचे फक्त वरचे दोन आकडे."

थोरलीनं वरचे दोन आकडे बघितले. एक लाख नव्वद, तीस. बोटांवर मोजलं, परत मोजलं. दोन लाख वीस हजार. बँकेत दोन लाख चाळीस. कुठंतरी चुकतंय असं तिला वाटलं, कारण इतके दिवस चार लाख चाळीसचा डोंगर उशाशी होता आणि डोंगर असा अर्धा होत नसतो. "आणि किरकोळ?"

"किरकोळ म्हणजे तुमच्या वह्या, चहा, बसमध्ये हरवलेली छत्री. दुसऱ्या वर्षाची फी हप्त्यांनी भरता येते, त्यासाठी अर्धवेळ काम चालतं, शनिवार-रविवार. त्याचाच आकडा आहे बघा, साडेबारा टक्के."

थोरलीनं फोन लावला. "लेथ द्यायचं नाही."

"अगं, तो पैसे मोजून बसलाय."

"परत खिशात घालायला सांगा त्याला. आपण जेवणाचे पैसे धरले होते."

"कुणाच्या जेवणाचे?"

"आपल्याच."

"मग ते आता लागणार नाहीत? आपण जेवायचं नाही का?"

"जेवायचं. घरी येऊन सांगते. मलाही पुरतं कळलेलं नाही."

अर्ज चारला तीन मिनिटं असताना आत गेला. बाईनं शिक्का मारला तेव्हा थोरलीनं विचारलं, "घेतलं मला तर पुढच्या वर्षी रेघेच्या जागी काय येईल?"

बाईनं कागदाच्या कडेला हिशेब केला. "चाळिसात एक. अडीच टक्के."

थोरली घरी पोचली तेव्हा तिघंही वाट बघत होती. तिनं सगळं सांगितलं, जमलं तेवढं. शेवटी म्हणाली, "झालंच तर मी अडीच टक्के होणार."

"अडीच?" सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चांगली धडधाकट दिसतेस की."

"बाकीची साडेसत्त्याण्णव घरीच ठेव," नवरा म्हणाला. तो लेथवरचं कापड धुऊन वाळत घालत होता, आणि ते त्यानं चांगलं चार चिमटे लावून घातलं.

पाच आठवड्यांनी यादी लागली. थोरलीचं नाव सदतिसावं होतं, पण होतं. त्या दिवशी तिनं हातांच्या खोलीतलं पाणी जरा जास्तच तापवलं आणि एक पत्रा वाया घालवला. सहीच्या बाईनं दुसरा पत्रा काढून दिला.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती तिसऱ्या बाकावर बसली. पुढच्या पोरींच्या डोक्यांवरून फळा दिसत होता, वही मात्र चाळिशीतूनच. शेजारचीनं हळूच विचारलं, "काकू, हे स्प्लिंटचं पाणी किती गरम लागतं, माहितीये तुम्हाला?" थोरलीला हसू आवरेना. तिनं सांगितलं. मग विचारलं, "आणि वेळापत्रकात हा आकडेवारीचा तास आहे तो कसला गं? टक्क्यांचंच असतं का सगळं?"

संध्याकाळी सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी पर्स हातातून घेतली, पाणी दिलं, आणि कधीपासून धरून ठेवलेला प्रश्न विचारला. "त्या पंच्याऐंशीच्या बायका भेटल्या का?"

थोरलीनं पाण्याचा घोट घेतला. समजावून सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण दिवसभरात तिला स्वतःलाच इतक्या गोष्टी समजायच्या राहिल्या होत्या की आणखी एक राहिली तर बिघडत नव्हतं.

"भेटल्या, आई," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसतात."

"बसणारच. ऐकू कमी येत असेल," सासूबाई म्हणाल्या. "उद्या त्यांना माझा नमस्कार सांग."